जितकी राखाल, तितकीच लावा

चैत्र निम्मा सरला होता. आदल्या संध्याकाळी आम्ही खालच्या विहिरीवरून घागरी वाहून माळावरच्या रोपांना पाणी घातले होते. सकाळी जाऊन पाहतो तो बेचाळीस आळ्यांपैकी एकतीस आळ्यांत नुसत्या काड्या उभ्या. कांचन, आपटा, शिवण, वड, ज्यांची पाने कोवळी ती सगळी ओरबाडलेली. ओल्या मातीत दुभंगलेल्या खुरांचे ठसे होते आणि कडेला लेंड्यांचे लहान लहान ढीग. आजूबाजूच्या माळावर गवताची एक काडीही हिरवी नव्हती. हिरवे होते ते फक्त आमच्या घागरींवर जगलेले. उपाशी जनावराने समोर आलेले खाल्ले, यात त्याची चूक कसली? चूक आमची होती. आम्ही बेचाळीस खड्डे खणले होते आणि कुंपण एकाही रोपाला केले नव्हते.

त्या सकाळपासून मी एक नियम पाळत आलो आहे आणि जो कोणी रोपे मागायला येतो त्यालाही तोच सांगतो : आधी कुंपण मोजा, मग खड्डे मोजा. जितकी राखता येतील तितकीच लावा. महाराष्ट्रात २०१६ साली २ कोटी, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी रोपे लावण्याची उद्दिष्टे ठेवली गेली. आकडे लावण्याचे होते. पण झाड मोजायचे असते ते तिसऱ्या उन्हाळ्यानंतर. राखलेली वीस रोपे वीस झाडे होतात. न राखलेल्या दोनशे रोपांच्या जागी पुढच्या जूनला दोनशे जुने खड्डे उरतात.

आपल्या भागात रोपाला कोण खाते

सातारा आणि सांगली हे जिल्हे एका टोकाला धो धो पावसाचे आणि दुसऱ्या टोकाला कोरडे. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तर माण-आटपाडीकडे तो पाचशेच्या आतबाहेर. पाऊस बदलतो तसा रोप खाणाराही बदलतो.

पश्चिमेला महाबळेश्वर, जावळी, पाटण, शिराळा या घाटमाथ्याच्या पट्ट्यात गवा, सांबर, भेकर, रानडुक्कर, साळिंदर आणि वानर आहेत. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तिथले रान राखले जाणे ही आनंदाची गोष्ट आहे. पण रानाच्या कडेला आंब्या-फणसाची कलमे लावणाऱ्याने हे शेजारी गृहीत धरूनच काम केले पाहिजे.

पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या दुष्काळी पट्ट्यात ससा हा मोठा वैरी. तो दिसत नाही म्हणून त्याचे नाव कोणी घेत नाही. त्याच्या जोडीला रानडुक्कर, साळिंदर आणि अर्थातच शेळ्या-मेंढ्या.

मधोमध सागरेश्वर. कडेगाव, पलूस आणि वाळवा या तीन तालुक्यांच्या शिवेवरचे हे अभयारण्य जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटरचे. हे रान बरेचसे माणसांनी लावून उभे केलेले आहे. मोहित्यांचे वडगाव इथले वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. उघड्या डोंगरावर झाडे लावली, लोकांना सोबत घेतले, हरणे आणवली. १९८५ साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. पुढे चितळ आणि सांबर वाढत गेले. भोवती जाळीचे कुंपण आहे, पण कुंपणाला कुठे भगदाड पडले की कळप बाहेर येतात आणि आसपासच्या गावांतला ऊस, भुईमूग, भाजीपाला आणि नवी रोपे खातात. यातली चितळे चांदोलीकडे हलवण्याचे कामही वन विभागाने हाती घेतले आहे. सागरेश्वरने आपल्याला दोन धडे दिले आहेत. उघड्या डोंगरावर रान उभे करता येते, हा पहिला. रान उभे राहिले की त्याचे खाणारेही येतात आणि त्यांचा हिशेब पहिल्या दिवसापासून ठेवावा लागतो, हा दुसरा.

आधी ओळखा, मग उपाय करा

रोप खाल्लेले दिसले की लगेच तारजाळी आणायला धावू नका. गुडघे टेकून खाली बसा आणि तुटलेला शेंडा डोळ्यांजवळ धरा. चितळ, सांबर, भेकर, गवा, शेळी, मेंढी यांच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ही जनावरे शेंडा खालच्या दातांत धरून हिसका देतात, म्हणून तुटलेली कड फाटकी, धागे लोंबणारी असते. सशाला वर-खाली दोन्हीकडे धारदार दात आहेत. त्याने कापलेली काडी कोयत्याने तिरकी छाटल्यासारखी स्वच्छ दिसते आणि कधीकधी तो ती न खाता तिथेच टाकून जातो. ससा गुडघ्याच्या वर फारसा पोहोचत नाही.

साळिंदराला शेंड्यापेक्षा साल आणि मुळे जास्त प्रिय. ते बुडाशी साल कुरतडते, लाकडावर रुंद दातांचे खोबणीसारखे ओरखडे राहतात, आणि आजूबाजूला एखादा काटा पडलेला सापडतो. साल पूर्ण गोलाकार निघाली तर पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत जाऊ शकत नाही आणि वरून हिरवे दिसणारे झाड हळूहळू वाळते. रानडुक्कर पाने सहसा खात नाही; ते माती उकरते आणि रोप उपटून बाजूला फेकते. नर सांबर आणि चितळ शिंगांवरची मखमल घालवायला मनगटाएवढ्या खोडावर शिंगे घासतात. तिथे साल पट्ट्यापट्ट्यांनी सुटते, आणि ते कंबरेच्या आसपास असते. गवा खातो त्यापेक्षा मोडतो जास्त.

शेळी आणि चितळ यांच्या लेंड्या सहज ओळखू येत नाहीत. त्यासाठी सोपी युक्ती आहे. दिवस मावळताना एक फेरी मारा आणि उजाडताना दुसरी. नुकसान दिवसा झाले असेल तर जनावर बहुधा गावातले आहे आणि उपाय बोलण्याने होईल. रात्री झाले असेल तर ते बहुधा रानातले आहे आणि उपाय कुंपणाने होईल.

मेंढपाळाशी आधी बोला

दिवसाच्या नुकसानीचे भांडण करू नका. माण, आटपाडी, जत हा मेंढपाळांचा मुलूख. जतकडची माडग्याळ मेंढी तर महाराष्ट्रभर नावाजलेली आहे. चारायची वाट बंद करून झाडे लावली की कुंपण एका रात्रीत उचकटले जाते, आणि तेही समजण्यासारखे आहे, कारण ज्याचे पोट त्या माळावर आहे त्याला कोणी विचारलेलेच नसते. रोपे लावण्याआधी पावसाळ्यापूर्वी एकदा एकत्र बसावे. माळाचे तीन भाग करावेत. एका भागावर तीन वर्षे चराईबंदी, बाकीचे दोन भाग चराईला मोकळे. बंद भागातले गवत दिवाळीनंतर कापून न्यायला मेंढपाळांनाच पहिला हक्क द्यावा. गवत कापले गेले की वणव्याचे भयही कमी होते. झाडे जनावरांच्या तोंडाच्या वर गेली की तो भाग खुला करून दुसरा बंद करायचा. असे ठरले की राखणदार वेगळा नेमावा लागत नाही. माळावर दिवसभर असणारा माणूसच राखण करतो.

कुपाटी : सर्वांत स्वस्त, सर्वांत जुनी

पैसे नसतील तर काट्याला पर्याय नाही. बाभळीच्या शिऱ्या आणि बोराट्या हे आपल्याकडचे हक्काचे साहित्य. पण काटे नुसते रोपाभोवती टाकले की काम झाले, असे नाही. आमच्या वस्तीवरच्या एका वृद्ध मेंढपाळाने, ज्यांना आम्ही सगळे तात्या म्हणतो, मला कुपाटी घालायला शिकवले ते असे.

शिरी हाताने उचलायची नाही, बेळक्याने उचलायची. बेळके म्हणजे टोकाला दुफाटा असलेली लांब काठी. शिरीचा बुडखा रोपाच्या बाजूला, शेंडा बाहेरच्या बाजूला. बुडखा वीतभर खोल मातीत तिरका रोवायचा. दुसरी शिरी पहिलीच्या मानेवर रेलायची, तिसरी दुसरीच्या, आणि सगळ्या एकाच दिशेने कलत्या ठेवत गोल पुरा करायचा. शेवटची शिरी पहिलीच्या खाली दडपायची, म्हणजे सगळे कडे एकमेकांत अडकते आणि एक ओढली तर पाच हलतात. वरून घायपाताच्या वाखाचा एक वेढा, बुडाला दगडांचा थर. तात्यांनी बेळके खाली ठेवले, कड्याला धोतराचा सोगा लावून पाहिला, तो अडकला, तेव्हा म्हणाले, "आता झालं. शेळीला तोंड घालायला सोगा न अडकता जाईल एवढी जागा ठेवली, तर तिनं खाल्लंच म्हणून समज."

रोप आणि काटा यांच्यात सगळीकडे किमान दीड फूट अंतर हवे. जनावराच्या मानेची लांबी धरूनच हे माप आहे. कड्याची उंची कंबरेपर्यंत असली तर शेळी, मेंढी, ससा यांना पुरते. चितळासाठी छातीपर्यंत न्यावी. बाभळीचे काटे एक पावसाळा झेलतात, दुसऱ्या पावसाळ्यात कुजतात. म्हणून दर दिवाळीला नवा थर द्यावा. बुडाला वाळवी लागते, तिथे राख टाकावी. आणि हे कधीही विसरू नये : वाळलेली कुपाटी म्हणजे सरपण. भोवतीचे गवत दोन हात रुंद जागेत खरवडून काढले नाही, तर फाल्गुनातल्या एका वणव्यात कुंपण आणि रोप दोन्ही एकदम जातात.

कठडा आणि जाळी

बांबूचा किंवा लोखंडी जाळीचा कठडा करायचा असेल तर माप प्राण्यावरून घ्या.

• ससा : जेमतेम बोट शिरेल एवढ्या भोकाची जाळी, दोन फूट उंच. खालची कड चार-सहा इंच जमिनीत पुरावी किंवा बाहेरच्या बाजूला वळवून वर दगड ठेवावेत.

• शेळी, भेकर : चार ते साडेचार फूट उंची. शेळी मागच्या पायांवर उभी राहते, हे धरून चालावे.

• चितळ : सहा फूट.

• सांबर : आठ फूट. एकेका रोपाला एवढा उंच कठडा परवडत नाही. सांबराच्या भागात सामूहिक कुंपणच करावे.

• साळिंदर : उंची महत्त्वाची नाही, खोली महत्त्वाची. जाड तारेची जाळी फूटभर खाली पुरावी आणि बुडाशी मोठे दगड घट्ट बसवावेत.

• गवा : कठडा त्याला थांबवत नाही. जिथे गव्यांची रोजची वाट आहे तिथे रोपच लावू नये. ती वाट सहजासहजी बदलत नसते. आपले रोप दहा पावले बाजूला घेता येते.

कठड्याचा व्यास अडीच फुटांपेक्षा कमी नको. अरुंद कठड्यात रोप बाहेर डोकावते आणि डोकावलेले तेवढे खाल्ले जाते. आजकाल हिरवी शेडनेट गुंडाळण्याची पद्धत पडली आहे. माणसारख्या भागात ती उन्हाची तिरीप अडवते, म्हणून रोपाला बरी. पण शेळीची शिंगे अडकली की ती फाटते, आणि आग लागली तर भुर्रकन पेटते. तिला आधाराला बांबू आणि बाहेर काटे हवेतच.

एकेक राखावे की सगळ्यांभोवती एक कुंपण?

हा प्रश्न मोजूनच सोडवावा. दहा गुंठ्यांचा चौकोनी तुकडा घेतला तर त्याची बाजू सुमारे ३२ मीटर आणि घेर सुमारे १२७ मीटर होतो. एका रोपाला अडीच फूट व्यासाचा कठडा करायला जाळी लागते सुमारे २.४ मीटर. म्हणजे वीस रोपांना ४८ मीटर, शंभर रोपांना २४० मीटर. पन्नास-पंचावन्न रोपांच्या आत एकेकाचा कठडा स्वस्त, त्यापुढे सगळ्यांभोवतीचे एकच कुंपण स्वस्त. मात्र सामूहिक कुंपणाला खांब लागतात, उंची जास्त लागते, आणि एका जागी ते फुटले की सगळी रोपे उघडी पडतात. म्हणून मी दोन्हींच्या मधली वाट सुचवतो : दहा-बारा रोपांचे लहान लहान गट करा आणि प्रत्येक गटाला वेगळे कुंपण घाला. चितळ-सांबरांना लहान, दाट जागेत उडी घेणे आवडत नाही, कारण उतरायला आणि पळायला वाव दिसत नाही. एक कुंपण फुटले तरी बाकीचे गट वाचतात.

मोठे उंच कुंपण परवडत नसेल तर आणखी एक तोड आहे. साडेतीन-चार फूट उंचीची दोन साधी कुंपणे चार-पाच फुटांच्या अंतराने समांतर घाला. हरिण उंच उडते किंवा लांब उडते. दोन्ही एकाच झेपेत करायला ते कचरते. मधल्या पट्ट्यात अडुळसा, निरगुडी लावली की तीही वाढत राहतात.

चर, बांध आणि जिवंत कुंपण

मोठ्या माळासाठी चर खणणे उत्तम. वन विभागही लागवडीच्या क्षेत्राभोवती गुरे अडवणारे चर खणतो. चर किमान मीटरभर खोल आणि वर सव्वा मीटर रुंद असावा, निघालेली माती आतल्या बाजूला टाकून बांध घालावा. उतारावर चर सलग खणू नये, नाहीतर पावसाळ्यात त्याची ओघळ होते. दर पंधरा-वीस पावलांवर मातीचा अडसर ठेवावा.

त्या बांधावर पहिल्या पावसातच सागरगोटा, चिल्हार आणि घायपात लावा. सागरगोट्याचे बी कडक असते. ते दगडावर थोडे घासून रात्रभर पाण्यात भिजवले की लवकर उगवते. घाटाकडे करवंद, पठाराकडे शेर आणि निवडुंग. शेराचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये, लावताना मुलांना लांब ठेवावे. असे कुंपण पहिली दोन वर्षे काहीच अडवत नाही. तोपर्यंत कुपाटी हवी. कुपाटी कुजायला आणि जिवंत कुंपण दाटायला एकच वेळ आली पाहिजे. तिसऱ्या वर्षापासून ते फुकट राखण करते, पाखरांना घरटी देते आणि मधमाश्यांना फुले.

रोपांची निवडही कुंपणाचाच भाग आहे. सीताफळ, करंज, अडुळसा, निरगुडी, रुई यांना जनावरे सहसा तोंड लावत नाहीत. ही बाहेरच्या ओळींत लावा. आपटा, कांचन, शिवण, वड, उंबर, बोर ही आतल्या ओळींत. आणि एक काळजी : रोपवाटिकेत भरपूर खत घालून लुसलुशीत केलेले रोप जनावराला आधी हवे असते. लावण्याआधी महिनाभर खत बंद करा, पाणी हळूहळू कमी करा, रोप उन्हात काटक होऊ द्या. खड्ड्यात कच्चे शेण टाकू नका. त्यात हुमणीच्या अळ्या होतात आणि त्या अळ्यांच्या वासाने रानडुक्कर येऊन खड्डाच उकरते. पूर्ण कुजलेले खत घाला आणि आळ्यात वर दगडांचे आच्छादन करा. ओलही टिकते आणि डुकराचे नाकही घुसत नाही.

वास आणि चव

ताक, गोमूत्र, लसूण-मिरचीचा अर्क, निंबोळी अर्क, कुजवलेल्या अंड्यांचे पाणी अशा फवारण्यांचा उपयोग होतो, पण त्यांची मर्यादा ओळखून वापराव्यात. अंड्याच्या वासाला हरिण बिचकते, हे जगभर वापरून पाहिलेले आहे. पाच-सहा अंडी दहा लिटर पाण्यात घुसळून दोन-तीन दिवस आंबवावीत, गाळून शेंड्यांवर मारावीत. कोरड्या दिवसांत याचा परिणाम तीन-चार आठवडे राहतो. एक चांगली सर आली की धुऊन जातो. शिवाय फवारणीनंतर फुटलेले नवे पान उघडेच असते, आणि जनावराला हवे असते ते नेमके तेच. खोडाला शेणकाला फासला तर शेळ्या काही दिवस साल खात नाहीत. शेताभोवती जुन्या साड्या बांधतात त्याचेही असेच. डुक्कर आणि चितळ पहिले काही दिवस बुजतात, मग सरावतात. या उपायांनी थोडेच दिवस मिळतात. त्या दिवसांत कुंपण पुरे करावे. त्यांच्या भरवशावर उन्हाळा काढता येत नाही.

विजेच्या तारेबद्दल स्पष्ट बोलतो

सौर कुंपण उपयोगी आहे. त्यात तारेतून दर सेकंदाला एखादा क्षणिक झटका जातो. जनावर दचकून मागे फिरते, मरत नाही. ते नीट चालायचे तर तारेला गवत टेकता कामा नये, आणि मुरमाड जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगच्या सळईभोवती आठवड्याला घागरभर पाणी ओतले पाहिजे, नाहीतर झटका बसतच नाही. रानालगतच्या गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणासाठी मदत मिळते. आपले गाव त्यात बसते का, याची चौकशी वनपरिक्षेत्र कार्यालयात करावी.

पण घरातल्या किंवा मोटारीच्या लाइनची वीज थेट तारेत सोडणे हा गुन्हा आहे आणि ती माणसे मारते. रात्री पाणी धरायला गेलेला शेजारी, वाट चुकलेले पोर, आपलेच बैल. तसेच क्लचवायरचे फासे. ते डुकरासाठी लावले तरी त्यात बिबट्याही अडकतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे आणि तो इथे लागू आहे. एका रोपासाठी एक जीव घेऊ नये, इतके साधे आहे हे.

नुकसान झालेच तर भरपाई मागावी. तो आपला हक्क आहे. वन्यप्राण्यांनी शेतपीक किंवा फळझाडांचे नुकसान केले, तर तीन दिवसांच्या आत जवळच्या वन कार्यालयात अर्ज करावा. पंचनामा होईपर्यंत खाल्लेली रोपे उपटू नयेत, ठसे पुसू नयेत, तारखेसह फोटो काढून ठेवावेत. वन विभागाची मदतवाहिनी १९२६ या क्रमांकावर आहे.

खाल्लेले रोप मेलेले नसते

त्या एकतीस काड्या मी उपटणार होतो. तात्यांनी थांबवले. त्यांनी नखाने एका काडीची साल खरवडली. आत हिरवे होते. फाटका शेंडा धारदार कात्रीने खालच्या निरोगी डोळ्याच्या बोटभर वर तिरका कापायचा, म्हणजे पाणी साचत नाही आणि बुरशी शिरत नाही. पाणी थांबवायचे नाही. महिन्याभरात तीन-चार फुटवे येतात. वीतभर झाले की सर्वांत सरळ एक ठेवून बाकीचे काढायचे. आम्ही त्याच आठवड्यात सगळ्यांना कुपाटी घातली. एकतीसपैकी एकोणीस फुटली. त्यांची मुळे आधीच खोल गेली होती, म्हणून त्यांनी पुढच्या पावसात नव्या रोपांना मागे टाकले.

वर्षाचे वेळापत्रक

मे : कुंपणाचे साहित्य गोळा करा, मेंढपाळांशी बैठक घ्या. ज्येष्ठ-आषाढ : रोप आणि कुंपण एकाच दिवशी, उद्या कुंपण करू म्हणणाऱ्याचे रोप उद्या नसते. भाद्रपद : बांधावरच्या बियांची तपासणी, गवताने दबलेली रोपे मोकळी करणे. दिवाळी : कुपाटीला नवा थर, गवत कापणी, कुपाटीभोवतीचे गवत खरवडून जाळरेषा. माघ ते वैशाख : दर चार दिवसांनी फेरी. रानातला हिरवा चारा संपलेला असतो. वर्षभरातले बहुतेक नुकसान याच काळात होते. शक्य असेल तर आपल्या रोपांपासून दूर, प्राण्यांच्या वाटेवर एक पाणवठा भरून ठेवा. तहानलेले जनावर ओल्या आळ्याकडे येते. त्याला पाणी दुसरीकडे मिळाले तर रोपाकडे येण्याचे एक कारण कमी होते.

कुंपण काढण्याचा दिवस

शेंडा आठ फुटांच्या वर गेला आणि खोड मनगटापेक्षा जाड झाले की कठडा काढा. काढायला विसरलेली तार खोडात रुतते आणि जे दातांनी केले नाही ते ती करते. सांबर-चितळांच्या भागात मात्र आणखी दोन वर्षे खोडाभोवती बांबूच्या कांबी उभ्या बांधून ठेवा, शिंगे घासली जाणार नाहीत. काढलेला कठडा पुढच्या रोपाला द्या. एक चांगला कठडा तीन-चार झाडे मोठी करतो.

मोठे कुंपणही कायमचे असू नये. कास पठारावर फुलांच्या रक्षणासाठी जाळी घातली होती, पुढे ती काढून टाकण्यात आली, कारण प्राण्यांच्या येण्या-जाण्यालाही तिथे अर्थ आहे. चरणारे जनावर बी पसरवते, खत टाकते, गवत आटोक्यात ठेवते. मोठे झालेले झाड त्याच्यासोबत राहू शकते. सांभाळायचे असते ते फक्त बालपण.

हे बाभळीला कळलेले आहे. माळावर तिचे लहान रोप पाहा : बोटभर लांब पांढरे काटे, दोन-दोनच्या जोडीने, अंगभर. मग त्याच माळावरची जुनी बाभूळ पाहा; तिच्या वरच्या फांद्यांवर काटे नावापुरते. शेळीचे तोंड पोहोचते तिथवरच ती काट्यांवर खर्च करते. बोराटीच्या जाळीत नीट शोधलेत तर एखाद्या चिंचेचे किंवा कडुनिंबाचे रोप आपोआप वाढताना सापडेल; ते दुसऱ्याच्या काट्यांच्या आडोशाने जगले आहे. इंग्लंडमध्येही काटेरी झुडूप ही ओकच्या रोपाची दाई, असे जुने लोक मानत.

आमच्या माळावरची ती एकोणीस झाडे आता माझ्या डोक्याच्या कितीतरी वर गेली आहेत. गेल्या वैशाखात एका पहाटे तिथे गेलो तेव्हा कांचनाखाली चार चितळे उभी होती. गळालेली पाने खात होती. मी लांबच बसून राहिलो. त्यांतल्या काहींना पुढे घातलेले कठडे आम्ही आधीच काढून खालच्या उताराला नेले होते. तिथे या जूनला बारा रोपे लावायची आहेत, कारण आमच्याकडे कठडे बाराच आहेत.